आठ बोटं टायटॅनियम

माझ्या पायात टायटॅनियमचा रॉड नाही.

हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकलेलं बरं. कारण कळंबमधले निम्मे लोक अजूनही आधी माझ्या डाव्या पायाकडं बघतात, मग तोंडाकडं, आणि मग आवाज खाली आणून विचारतात, "कसं हाय आता, मास्तर?" (उरलेले उजव्या पायाकडं बघतात. नेमका कोणता पाय, यावर गावात एकमत नाही.) माझे दोन्ही पाय धडधाकट आहेत. आखूड आहेत, पण धडधाकट आहेत. टायटॅनियम आणलं होतं ते सायकलसाठी!

सायकल म्हणजे अशीतशी नव्हे. रेसर! लातूरला डी.एड. करत होतो तेव्हा एका रिटायर झालेल्या रेल्वेवाल्या साहेबांकडून घेतलेली. खाली वाकलेलं हँडल, अंगठ्याएवढे बारीक टायर, परदेशी पोलादाची फ्रेम. कंपनीचं नाव उन्हानं केव्हाच उडून गेलं होतं, त्यामुळं ते मी समोरचा माणूस बघून सांगायचो. साध्या माणसाला इटली, जरा शिकलेल्याला फ्रान्स आणि खरा जाणकार भेटला तर, "अहो, नाव काय करायचंय, काम बघा!"

तिच्यात दोष एकच. सीट ज्या दांडीवर बसते ती दांडी (दुकानदार तिला पिलर म्हणतात) गंजून मोडली होती. आणि या जुन्या परदेशी सायकलींचं गोत्रच वेगळं. आपल्याकडं मिळणारी प्रत्येक दांडी तिच्यात घातली की केसभर ढिली. केसभरच, पण त्या केसानं माझा गळा कापला! आमचे लेथवाले शफीभाई यांनी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून दांडीला गुंडाळून दिला. मग काय व्हायचं, घरून निघताना मी राजासारखा उंच. मार्केट यार्डाशी जाईपर्यंत सरदार. गावाबाहेर पडलो की गुडघे कानाला लागलेले आणि हनुवटी हँडलवर! लांबून बघणाऱ्याला वाटायचं, मास्तर खाली बसून काहीतरी हुडकतोय आणि सायकल आपली चाललीय.

ही सायकल उभी असायची आण्णांच्या मशीनच्या खोलीत. आण्णा म्हणजे माझे वडील. जन्मभर टेलरिंग केलं, आता डोळ्यांमुळं कमी केलंय. पण त्यांचं एक तत्त्व अजून सगळ्या गावाला पाठ आहे: "दोन बोटं माया ठेव!" माया म्हणजे शिलाईच्या आत दुमडून ठेवलेलं जादा कापड. पुढं माणूस सुटला तर तेवढं उसवून कपडा वाढवता येतो. "कापता कवाबी येतं, जोडता येत न्हाय," हे वाक्य आमच्या घरात देवाच्या आरतीपेक्षा जास्त वेळा म्हटलं गेलंय. आण्णांनी शिवलेल्या पँटवर लोकांनी लग्न केलं, त्याच पँटवर पोट वाढवलं आणि त्याच पँटवर जावई बघायला गेले!

तर एका सकाळी आण्णा मशीनकडं निघाले आणि सायकलचं पेडल त्यांच्या नडगीवर बसलं. असं बसलं, की आण्णा देवाचं नाव न घेता भलतंच बोलले.

"दत्तू! ही तुझी सवत हितनं काढ!"

"आण्णा, सवत माझी कशी असंल? सुनंदाची म्हणा."

"तुझं गणित तुझ्यापाशी ठेव." (मी शाळेत गणित शिकवतो. हा टोमणा मला आठवड्यातून सात वेळा मिळतो.) "मला मशीन त्या खिडकीपाशी घ्यायचीया. डोळ्याला उजेड पुरंना. ही काय चालती का कुठं? नुस्ती उभी!"

"चालती की! दांडी बसली की रामलिंगला जाऊन येईल ही."

बोललो आणि फसलो. रामलिंग म्हणजे पलीकडं येडशीजवळ, इथून तीसेक किलोमीटर. शेवटी देवळाकडं जाताना उतार लागतो. म्हणजे येताना चढ लागतो, हे मी गणिताचा मास्तर म्हणून खात्रीनं सांगतो.

आण्णांनी चष्मा काढला. आण्णांनी चष्मा काढला की निकाल लागतो.

"ठरलं मग. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ही सायकल रामलिंगला जाऊन परत आली पायजे. आली, तर मशीन आहे तिथंच ऱ्हाईल. न्हाय आली, तर मंगळवारी भंगारवाला!"

माझी बायको सुनंदा तेव्हा दारात उभी होती. पुढं येऊन तिनं सायकलच्या नळीवरची धूळ पदरानं पुसली. ती रोजच पुसायची. टायरमध्ये हवासुद्धा तीच भरायची. मला भरून यायचं. नवऱ्याच्या वस्तूवर केवढा हा जीव!

(सुनंदा माझ्याहून उंच आहे. थोडी नव्हे, चांगली. आमच्या लग्नाच्या फोटोत आम्ही दोघं सारखे दिसतो, त्याचं श्रेय फोटोग्राफरला आणि माझ्या पायाखालच्या दोन विटांना.)

दांडीचा शोध सुरू झाला. पुण्यातल्या एका दुकानाला फोन लावला. त्यानं किंमत सांगितली. मी म्हटलं, "साहेब, मी नुसत्या दांडीची विचारतोय, सायकलची नाही." तो म्हणाला, "मी दांडीचीच सांगितली." मी फोन असा अलगद ठेवला, जसा काही तोही मोडेल.

आणि मग मला इंटरनेटवर तो खजिना सापडला! चीनमध्ये एक कारखाना होता, जो जुन्या सायकलींचे सुटे भाग तुम्ही द्याल त्या मापाचे, एकच नग लागला तरी एकच, बनवून द्यायचा. आणि कशात? टायटॅनियममध्ये! विमानं, रॉकेटं, सर्जनांची हत्यारं, आणि आता कळंबच्या मास्तरची सीट! गंजत नाही, वाकत नाही, वजनाला पिसासारखं. आणि पार्सलखर्च धरूनसुद्धा पुण्यापेक्षा स्वस्त! मी खुर्चीतून उठून नाचलो. जागा कमी असल्यामुळं जागच्या जागी नाचलो.

आता माप. मी सायकल घेऊन शफीभाईंकडं गेलो. त्यांनी व्हर्नियर काढला आणि नळीचं तोंड दहा वेळा मोजलं. अगदी केसाच्या दहाव्या भागापर्यंत! मग मला भिंतीला टेकून उभं केलं, पायाची लांबी घेतली, सायकलशी ताडून बघितली.

"मास्तर, नक्को टेन्शन लो. लांबी लिख देता हूं."

चिठ्ठीवर लिहिलं होतं ३४० मिलिमीटर. मी घरी आलो. मनात म्हटलं, अरे, तू टेलरचा पोरगा! परदेशातून एकदाच माल येणार, आणि अगदी मापाला माप? एका बोटाचे वीस मिलिमीटर धरले, दोन बोटं माया टाकली आणि ३८० केले. स्वतःच्या शहाणपणावर इतका खूश झालो, की आरशात बघून घेतलं.

कागद दिला सुनंदाकडं. सुनंदाचं गावात ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. दिवसभर लोकांच्या नावातल्या चुका दुरुस्त करते. त्यामुळं परदेशी पत्रव्यवहार तिच्या मोबाइलवरूनच. तिकडून कुणी मिस लिली उत्तर द्यायची आणि प्रत्येक निरोपाची सुरुवात 'प्रिय मित्रा' अशी करायची.

"कोण म्हणायची ही?" आण्णांनी विचारलं.

"कारखान्यातली बाई आहे, आण्णा."

"मग दत्तूला मित्रा कशाला म्हणती?"

"ती मला म्हणतीय," सुनंदा म्हणाली आणि आत गेली. ऑर्डर पाठवली, असं तिनं आतूनच सांगितलं.

त्यानंतरचे दिवस! काय सांगू! पार्सल कुठवर आलं हे मोबाइलवर दिसायचं. मी वर्गात फळ्यावर समीकरण लिहिता लिहिता थांबायचो आणि जाहीर करायचो, "विमानात बसलं!" पोरं टाळ्या वाजवायची. (त्यांना काय माहीत नव्हतं, पण तेवढंच गणित थांबायचं.) मग पार्सल मुंबईत येऊन पडलं, आणि पडलं ते पडलंच. मी रोज पोस्टात खेपा घालायला लागलो. खिडकीत तोंड घालून ओरडायचो, "माझं टायटॅनियम आलं का?"

इथंच घोळ झाला. आमच्या पोस्टमनच्या मेहुणीच्या मांडीत टायटॅनियमचा रॉड आहे. टायटॅनियम म्हटलं की माणसाच्या हाडात बसवायचं, एवढंच त्याला ठाऊक. आणि मी रोज कळवळून विचारतोय, "आलं का? सोमवारच्या आत बसवायचंय हो!"

चार दिवसांत गावभर झालं. मास्तरचा पाय गेला!

पहिल्यांदा शेजारच्या काकू शहाळं घेऊन आल्या. मला वाटलं श्रावणाचं असेल. दुसऱ्या दिवशी सहा जण आले. शहाळी, बिस्किटं, मोसंबी. मी समजावून सांगायचो, "अहो, सायकलच्या सीटला रॉड बसवायचाय!" लोक एकमेकांकडं बघायचे. "बघा, दुखण्यातबी चेष्टा सुचती. लई धीराचा माणूस!" हेडमास्तरांनी न मागता माझा वर्ग वरच्या मजल्यावरून खाली आणला. आता खरं सांगतो, तिथं मी फार विरोध केला नाही. जरासा लंगडलोसुद्धा असेन.

शनिवारी सास्तूरहून माझे सासरे मोटारसायकलवर येऊन धडकले. (सासऱ्याला आमच्याकडं मामाच म्हणतात.) लाल पटका, पांढरी मिशी आणि मागच्या सीटला दोरीनं बांधलेली एक लाकडी कुबडी!

"जावईबापू! उटू नका, उटू नका! बसूनच ऱ्हावा!"

"मामा, मला काहीएक झालेलं नाही!"

"व्हय व्हय. सगळे तसंच म्हणतेत." त्यांनी कुबडी सोडली आणि माझ्या काखेत लावून बघितली. कुबडी मला चार बोटं उंच झाली. "हात्तीच्या! आमच्या घरी सगळ्यांना बसती ही."

तेवढ्यात पोस्टमन आरोळी देत आला. "मास्तर! टायटॅनियम!"

मी कुबडी फेकून पळालो. (हे बघून मामा म्हणाले, "देवाची करणी!") अंगणात सगळे जमले. आण्णांनी आपली मोठी कात्री आणली आणि टेलरच्या हातानं पार्सल असं उसवलं, की चिकटपट्टीलासुद्धा दुखलं नसेल. आतून निघाली ती दांडी. राखाडी, मऊ, पहाटेच्या आभाळासारखी चमक! आण्णांनी हातात घेतली आणि दचकले.

"आरं, ह्यात वजनच न्हाय! कागदाची हाय का काय?"

"टायटॅनियम आहे, आण्णा!"

मामांनी ती माझ्या मांडीला लावून बघितली. मांडी संपली, गुडघा संपला, तरी दांडी उरली. "जावईबापू," ते गंभीर आवाजात म्हणाले, "हे तुमच्या पायात मावंल असं वाटत न्हाय."

मलाही दांडी जरा लांब वाटली. पण आनंदाच्या भरात कोण मोजतो! शफीभाईंना बोलावलं. दांडी नळीत घातली आणि अहाहा! ना ढिली, ना घट्ट. तूप लावल्यासारखी सरकत गेली, एका जागी थांबली आणि मग हलेना. नळीच्या आत बाटलीच्या स्टँडचे जुने बोल्ट पुढं आलेले होते. त्याच्याखाली जायला वाटच नाही.

सीट माझ्या बरगड्यांपाशी आली होती.

"बसून तर बघा," मामा म्हणाले.

रविवारी सकाळी मी ओट्यावर चढलो, ओट्यावरून सीटवर चढलो आणि मामांनी मागून ढकललं. वरून गाव फार सुंदर दिसतं, एवढं मी सांगू शकतो. पेडल वर आलं की माझा पाय त्याला भेटायचा, खाली गेलं की दोघांची ताटातूट! चालवता येईना ते एक वेळ ठीक, पण उतरता पण येईना! थांबायचं तर जमिनीला पाय पोचायला हवा. मी गल्लीत एक चक्कर मारली. दुसरी मारली. "धरा!" म्हणून ओरडलो तर लोकांनी मला वाट करून दिली. शेवटी कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबाला मिठी मारली आणि तसाच लोंबत राहिलो. समोरून दोन बाया शहाळी घेऊन आमच्याच घरी निघाल्या होत्या.

"आगं बघ, रॉड टाकला वाटतं!"

"व्हय गं. आधी खांबाला धरूनच उभं करतेत."

घरी आणून मला ओट्यावर बसवलं. उद्या सोमवार. परवा भंगारवाला. सुनंदा चहा घेऊन आली, सायकलकडं बघितलं, सीटवर हात ठेवला आणि परत आत गेली.

"कापायची!" मी म्हटलं.

शफीभाईंनी करवत लावली. करवतीचं पहिलं पातं बोडकं झालं. दुसरं बोडकं झालं. तिसरं तर दातांसकट हसायला लागलं. दांडीवर नखानं ओढल्यासारखी एक रेघ! मग शफीभाई दुकानातून ग्राइंडर घेऊन आले. चालू केला, आणि काय सांगू तो देखावा! लोखंडाच्या ठिणग्या पिवळ्या असतात, या पांढऱ्या शुभ्र! डोळे दिपवणाऱ्या! भर दिवसा अंगणात दिवाळी! आमचं सगळं लक्ष त्या भुईनळ्याकडं. शेवटी आण्णांनाच वास आला.

"व्याही! तुमचा पटका!"

मामांच्या पटक्यातून धूर निघत होता. मामा अंगणात गरागरा फिरायला लागले. त्यानं वारा लागून पटका जास्तच पेटला. पाणी आणायला आत जायला कुणाला सुचेना. पण ओट्यावर पंधरा-वीस शहाळी होती! आण्णांनी कोयता उचलला, एक शहाळं फोडलं, मामांच्या डोक्यावर ओतलं. दुसरं फोडलं, ओतलं. तिसऱ्याला आग विझली होती, पण आण्णांचा हात बसला होता. त्यांनी पाचवं ओतल्यावर मामा म्हणाले, "व्याही, आता प्यायला द्या."

"बंद करा ते मशीन!" आण्णा गरजले. "आन् आधी मला सांगा, एवढी लांबी आली कुठनं? दत्तूच्या पायाचं माप किती निघालं हुतं?"

शफीभाईंनी डोकं खाजवलं. "वैसे तो तीनशे."

"पण चिठ्ठीवर तीनशे चाळीस होतं!" मी ओरडलो.

"हौ. दो उंगली माया रखा ना मैं. आण्णांच्याच हातून शर्ट शिवून घेतले जिंदगीभर, इतना तो सीखा!"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. "मी... मी पण दोन बोटं ठेवली," मी म्हटलं.

आण्णा खाकरले. टोपी काढली, परत घातली. "म्या सुनबाईला म्हणलो हुतो, दत्तूला काय कळतं, तू आपली दोन बोटं वाढवून लिही."

मामांच्या मिशीतून शहाळ्याचं पाणी ठिपकत होतं.

मी उठलो आणि दांडी मोजली. चारशे साठ. म्हणजे जादा आठ बोटं! शफीभाईंची दोन, माझी दोन, आण्णांची दोन. सहा झाली. वीस वर्षं गणित शिकवलंय, सहाचे आठ होत नाहीत. वरची दोन बोटं आली कुठून?

आण्णांनी बराच विचार केला. मग त्यांच्या तोंडावर एकदम उजेड पडला. "आरं, त्या चिनी कारागिरानंबी ठेवली असंल!"

सगळ्यांनी माना हलवल्या. "बराबर," शफीभाई भारावून म्हणाले. "कुठं बी जाओ, कारागीर तो कारागीर है."

"मग आता कापू का?" मी विचारलं.

"न्हाय," आण्णा म्हणाले. "जन्मभर कापड कापलं, पण माया कधी कापली न्हाय. आठातली चार बोटं आत गेली, चार भाईर ऱ्हायली. आता तुझे पायच चार बोटं वाढले तर बघ." आणि मंगळवारसाठी भंगारवाल्याला निरोप धाडला.

सोमवारी सकाळी मी उठलो तो दुखवट्यालाच. अंगणात आलो तर सुनंदा सायकलपाशी. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला गाठ मारलेली, पायात बूट. नवे कोरे बूट! हे कधी आणले?

"सुनंदा, काय करायलीस?"

"आण्णा काय म्हणाले होते? 'ही सायकल रामलिंगला जाऊन परत आली पायजे.' कोण नेणार, ते म्हणाले होते का?"

मी आण्णांकडं बघितलं. आण्णांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला. निकाल लागलाच नाही!

"तुला येती का पण ही?" मी विचारलं.

तेव्हा मामा असे हसले, की जळका पटका हलला. "जावईबापू, आवो भूकंपानंतर नवं सास्तूर बांधलं तवा रस्ते असले रुंद झाले, की पोरगी माझ्या सायकलवरनं खालीच उतरंना! कालेजला लोहाऱ्याला रोज बाप्याच्या सायकलीवर. तुमाला कधी बोलली न्हाय?"

"यांनी कधी विचारलंच नाही," सुनंदा म्हणाली. एक पाय पेडलवर ठेवला, दुसरा टाकला आणि बसली. ओटा नाही, खांब नाही, 'धरा' नाही! तिचा पाय खाली पेडलपर्यंत गेला, तिथं पोचला, आणि गुडघ्यात जरासा वाक उरला. जसा उरायला हवा तसा. मग ती गेली!

ती सायकल पळते कशी, हे मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा बाहेरून बघत होतो!

मी तिची स्कूटी काढली. पायाशी उपवासाच्या डब्यांची पिशवी. मामांच्या मोटारसायकलवर मागं आण्णा, आणि आण्णांच्या हातात कुबडी. ("राहू दे," मामा म्हणाले, "जावयाचं काय सांगता येतंय!") अशी आमची वरात निघाली. पुढं रेसर, मागं आम्ही. दोन्ही बाजूला हिरवंगार सोयाबीन, आणि मधोमध ती राखाडी दांडी उन्हात लखलखतेय! वाटेत भाविकांचा एक टेंपो होता. सुनंदानं घंटी वाजवली आणि त्याला मागं टाकलं. टेंपोतल्या बाया ओरडल्या, "हर हर महादेव!" आण्णा मोटारसायकलवर उठून उभे राहिले.

"बघा व्याही! शिलाई कशी सरळ चाललीय!"

मी हॉर्न वाजवून वाजवून स्कूटीची बॅटरी उतरवली. येडशी आलं, गेलं. रामलिंगचा उतार ती अशी उतरली, की आम्ही पोचेपर्यंत तिचे हातपाय धुऊन झाले होते. मी डबे काढले आणि माकडांनी ते माझ्या हातातून काढले. एक माकड भगरीचा डबा घेऊन बेलाच्या झाडावर बसलं. त्या दिवशी मला खऱ्या अर्थानं उपवास घडला.

पायरीवर बसून मी तिला म्हटलं, "तुला सांगतो, त्या चिनी माणसानं ठेवलेली दोन बोटं बघ कशी कामाला आली!"

सुनंदा बुटाची नाडी आवळत होती. वर न बघता म्हणाली, "आण्णांनी दोन सांगितली होती. मी चार लिहिली."

"का?"

"दोन आण्णांसाठी. दोन माझ्यासाठी. तुमची दोन आणि शफीभाईंची दोन आधीच पडलीत, हे मला काय माहीत? नाहीतर मी अजून कमी लिहिलं असतं. पण बसली बरोबर."

म्हणजे ती रोज पुसलेली धूळ, ती भरलेली हवा... आणि मी समजत होतो, नवऱ्याच्या वस्तूवर जीव! मी काही बोलायच्या आत ती सायकलवर बसली आणि चढाला लागलीसुद्धा. मागं बघितलं नाही. आण्णांनी तिथूनच भंगारवाल्याला फोन लावला. "उद्या येऊ नगं. आन् पुढंबी कधी येऊ नगं."

मी उठलो. डब्यांच्या पिशवीमुळं स्कूटीवर पाय दुमडून बसल्यानं दोन्ही पायांना मुंग्या आलेल्या. लंगडत लंगडत पायऱ्या चढतोय, तर समोरून पोस्टमन! सहकुटुंब दर्शनाला आलेला.

"मास्तर! चालायलाव की! बसवलं का टायटॅनियम?"

"बसवलं हो," मी वैतागून म्हटलं. "पण मला न्हाय. बायकोला!" आणि वर चढाकडं हात केला.

पोस्टमननं तिकडं बघितलं. सुनंदा उभा चढ एका दमात चढत होती. तो बघतच राहिला. मग त्यानं माझ्या पायांकडं बघितलं. खालून वर. वरून खाली. फार वेळ लागला नाही, अंतर थोडंच होतं.

"मास्तर," तो माझ्या खांद्यावर हात ठेवून मायेनं म्हणाला, "तुमीबी बसवून घ्या. चार बोटं तरी उंच व्हाल!"